दे लाउरेंतीस, दीनो

(८ ऑगस्ट १९१९–१० नोव्हेंबर २०१०). प्रख्यात इटालियन चित्रपटनिर्माता. संपूर्ण नाव आगोस्तीनो दे लाउरेंतीस. जन्म दक्षिण इटलीत नेपल्सजवळ, व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेल्या तोर्रे आनुंत्स्याता या गावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत, म्हणजे सु. ६५ वर्षे, तो चित्रपटनिर्मितीच्या व्यवसायात होता. या काळात त्याने इटली व अमेरिका या दोन्ही देशांत मिळून दीडशेहून अधिक चित्रपट निर्माण केले. फेद्रीको फेल्लीनीच्या ‘ला स्त्रादा’ सारखी श्रेष्ठ कलाकृती आणि यांत्रिक वानराचा ‘किंग काँग’ यांसारखे परस्परांपासून सर्वस्वी भिन्न असे चित्रपट एकाच निर्मात्याच्या नावावर जमा आहेत, हे त्याच्या कारकीर्दीचे वैशिष्ट्य होय.

चित्रपटाच्या इतिहासात नट व दिग्दर्शक यांची नावे मागे राहतात. निर्मात्याचे नाव सहसा विस्मृतीत जाते. वस्तुतः कथेचे हक्क मिळविणे, भांडवल उभे करणे, दिग्दर्शक व कलावंत यांची निवड करणे, चित्रीकरणाची व्यवस्था लावणे आणि तयार चित्रपट वितरकांच्या हाती सोपविणे, ही सर्व कामे निर्मात्याकडे असतात. चित्रपट मुळात व्हावा की न व्हावा, हा पहिला निर्णय त्याचाच असतो. दे लाउरेंतीस याचे चरित्र या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कला आणि भांडवल यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट दिसतात. त्याचबरोबर युद्धोत्तर इटालियन चित्रपटव्यवसायाचा उदय, त्याची भरभराट व त्याची घसरण यांचा इतिहासही त्यात सामावलेला आहे.

पूर्वजीवन : दे लाउरेंतीस कुटुंबाचा शेवया व तत्सम गव्हाचे पदार्थ तयार करण्याचा कारखाना होता. या पदार्थांच्या उत्पादनासाठी तोर्रे आनुंत्स्याता हे गाव दीर्घकाळ प्रसिद्ध होते. कुमारवयात दीनोने वडिलांच्या मालाचा फिरता विक्रेता म्हणून काम केले. माल तयार होण्यापूर्वीच त्याला गिऱ्हाईक मिळविण्याची जी कला पुढे त्याच्या यशाचे गमक ठरली, तिचे प्राथमिक शिक्षण त्याला येथेच मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या व्यवसायात त्याचे मन रमले नाही. तो रोमला गेला आणि तेथील चित्रपटशिक्षणाच्या शासकीय केंद्रात त्याने प्रवेश घेतला. मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीने चित्रपटाचे प्रचारमूल्य ओळखून या व्यवसायाला राजाश्रय दिला होता. १९३५ मध्ये हे शिक्षणकेंद्र स्थापन झाले आणि २८ एप्रिल १९३७ रोजी रोमच्या सीमेवर ‘चीनेचित्ता’ (अर्थ–चित्रनगरी) या प्रचंड स्टुडिओचे उद्‌घाटन करण्यात आले. १९३८ च्या कायद्याने विदेशी चित्रपटांची आयात राज्यसंस्थेच्या हाती गेल्यामुळे अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी इटलीच्या बाजारपेठेतून काढता पाय घेतला. परिणामी देशी चित्रपटांची मागणी एकाएकी वाढली व नव्या माणसांना वाव मिळाला. या परिस्थितीचा लाभ झालेल्यांपैकी दे लाउरेंतीस हा एक होता. शिकत असतानाच त्याने गर्दीतील नट, साहित्य सांभाळणारा, निर्मितिसाहाय्यक अशी मिळेल ती कामे केली आणि विशीच्या आरंभीच तो निर्माता बनला. महायुद्धात लष्करी सेवेमुळे त्याच्या या उद्योगात खंड पडला.

‘रीझो आमारो’ : युद्ध संपल्यावर तो रिक्कार्दो ग्वालीनो या उद्योगपतीच्या ‘लुक्स’ या चित्रपटसंस्थेत दाखल झाला. संस्थेने भांडवल पुरवावे व तरुण निर्मात्यांनी आपापल्या जबाबदारीवर चित्रपट पूर्ण करून द्यावेत, अशी तेथील कार्यपद्धती होती. आल्बेर्तो लात्त्वादा दिग्दर्शित ‘इल बांदीतो’ (१९४६) व मारिओ कामेरीनी दिग्दर्शित ‘ला फील्या देल कापितानो’ (१९४७) हे त्याचे या काळातील उल्लेखनीय चित्रपट होत.

हा काळ इटालियन नववास्तववादाचा होता. स्टुडिओतील कृत्रिम नेपथ्याऐवजी प्रत्यक्ष रस्ते व शेते, नामांकित तारकांऐवजी सामान्य माणसे आणि कल्पित रम्य कथांऐवजी युद्धोत्तर दैन्य, बेकारी व भूक यांचे चित्रण हे या संप्रदायाचे विशेष होते. त्याला जगभर मान्यता मिळाली; परंतु खुद्द इटलीत यांतील अनेक चित्रपटांना बेताचाच प्रेक्षकवर्ग लाभला. सामाजिक आशय आणि लोकरंजन यांची सांगड घालता येईल काय, या प्रश्नाला दे लाउरेंतीस याने दिलेले पहिले उत्तर म्हणजे ‘रीझो आमारो’ (अर्थ–कडू तांदूळ, १९४९) हा चित्रपट होय.

पो नदीच्या खोऱ्यातील व्हेर्चेल्ली परिसरात भातलावणी व खुरपणीच्या हंगामात दूरदूरच्या गावांतून हजारो स्त्रिया मजुरीसाठी येत. गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून त्यांना काम करावे लागे व मजुरीचा काही भाग तांदळाच्या रूपाने मिळे. या मजूर स्त्रियांच्या जीवनावर कम्युनिस्ट विचारसरणीच्या जुझेप्पे दे सांतीस याने हा चित्रपट दिग्दर्शित केला. चित्रीकरण प्रत्यक्ष भातशेतांत झाले. मात्र कथेत रत्नहाराची चोरी, प्रेमाचे द्वंद्व व खून यांची भर घालण्यात आली आणि सिल्व्हाना मांगानो ही अठरा-एकोणीस वर्षांची, ‘मिस रोम’ हा किताब मिळविलेली तरुणी नायिका म्हणून निवडण्यात आली. अमेरिकन नृत्यसंगीत व सचित्र प्रेमकथांची मासिके यांच्या मोहाने एक साधी श्रमजीवी मुलगी कशी नाशाला जाते, हे दिग्दर्शकाला दाखवावयाचे होते. परंतु प्रेक्षकांच्या मनावर ठसली ती चिखलपाण्यात उभी असलेली मांगानोची मूर्ती. डाव्या समीक्षकांनी या विसंगतीवर बोट ठेवले. तथापि, चित्रपटाने देशात व परदेशांत मोठे यश मिळविले आणि त्याच्या कथेला ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकनही लाभले. १९४९ मध्येच दे लाउरेंतीस व मांगानो यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुली व एक मुलगा अशी चार अपत्ये झाली.

पोंतीशी भागीदारी : १९५० मध्ये दे लाउरेंतीस व कार्लो पोंती (१९१२–२००७) यांनी ‘पोंती–दे लाउरेंतीस’ ही संस्था स्थापन केली. पोंती हा उत्तरेकडील, कायद्याचे शिक्षण घेतलेला व सावध वृत्तीचा. तर दे लाउरेंतीस हा दक्षिणेकडील, उतावळा व साहसी. युद्धानंतर अमेरिकन चित्रपटांचा लोंढा इटलीत पुन्हा सुरू झाला होता. त्याला आवर घालण्यासाठी १९४९ च्या अखेरीस करण्यात आलेल्या कायद्याने देशी चित्रपटांना अनुदान व कर्ज यांची सोय झाली. या अनुकूल परिस्थितीत भागीदारांनी विनोदी चित्रपटांपासून ऐतिहासिक भव्यपटांपर्यंत सर्व प्रकार हाताळले. नेपल्सचा लोकप्रिय विनोदी नट तोतो याचा ‘तोतो आ कोलोरी’ (१९५२) हा इटलीतील पहिला पूर्ण लांबीचा रंगीत कथापट मानला जातो. त्याच वर्षी रोबेर्तो रोस्सेल्लीनीचा ‘एउरोपा ५१’ हा गंभीर चित्रपटही याच संस्थेने काढला. व्हित्तोरिओ दे सीका दिग्दर्शित ‘लोरो दी नापोली’ (अर्थ–नेपल्सचे सोने, १९५४) या कथामालिकेत सोफिया लॉरेनने साकारलेल्या एका कथेतील भूमिकेने तिच्याकडे सर्वांचे लक्ष वेधले. होमरच्या महाकाव्यावर आधारित ‘उलीस्से’ (१९५४) या चित्रपटात कर्क डग्लस हा अमेरिकन नट नायक होता, तर मांगानोने पिनेलपी व सर्सी अशा दोन्ही भूमिका केल्या. अमेरिकन नट, इटालियन तंत्रज्ञ आणि सर्व देशांना परिचित अशी कथा हा दे लाउरेंतीस याच्या पुढील अनेक भव्यपटांचा साचा येथे प्रथम तयार झाला.

‘ला स्त्रादा’ (अर्थ–रस्ता, १९५४) हा या भागीदारीतील सर्वश्रेष्ठ चित्रपट होय. गावोगाव फिरून छातीवरील साखळी तोडण्याचे प्रयोग करणारा आडदांड झांपानो आणि त्याने विकत घेतलेली भोळी जेल्सोमीना यांची ही कथा आहे. नायिकेची भूमिका मांगानोला द्यावी, असा निर्मात्यांचा आग्रह होता. परंतु फेल्लीनीने आपली पत्नी जूल्येत्ता मासीना हिच्याखेरीज कोणाचाही विचार करण्यास नकार दिला आणि अखेर निर्मात्यांनी माघार घेतली. चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात रौप्यसिंह पारितोषिक मिळाले. पुढे मार्च १९५७ मध्ये परभाषी चित्रपटांसाठी प्रथमच स्पर्धात्मक रीतीने देण्यात आलेले ऑस्कर पारितोषिकही त्यालाच लाभले. त्या वर्षी हे पारितोषिक निर्मात्यांच्या नावे देण्यात आले होते. ज्या निवडीला त्यांनी विरोध केला, तिनेच त्यांना हा सन्मान मिळवून दिला, हे लक्षणीय आहे.

टॉलस्टॉयच्या कादंबरीवरील ‘वॉर अँड पीस’ (१९५६) हे भागीदारीतील सर्वांत धाडसी साहस होते. याच कादंबरीवर चित्रपट काढण्याच्या विचारात डेव्हिड सेल्झनिक व माइक टॉड हे अमेरिकन निर्मातेही होते. परंतु दे लाउरेंतीस याने त्वरेने हालचाल करून त्यांना मागे टाकले. किंग व्हिडॉर हा दिग्दर्शक, ऑड्री हेपबर्न व हेन्री फोंडा हे प्रमुख कलावंत आणि अमेरिकेतील पॅरामाउंट ही वितरणसंस्था अशी जुळणी करण्यात आली. सु. साडेतीन तासांच्या या चित्रपटामुळे इटालियन निर्मात्याला हॉलिवुडच्या तोडीचा भव्यपट काढता येतो, हे सिद्ध झाले. १९५७ च्या सुमारास दोघे भागीदार विभक्त झाले.

फेल्लीनीशी संबंध : निर्माता व दिग्दर्शक यांच्यामधील ताण दे लाउरेंतीस व फेल्लीनी यांच्या संबंधांत जितका ठळकपणे दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल. स्वतंत्र निर्माता म्हणून दे लाउरेंतीस याने काढलेल्या ‘ले नोत्ती दी काबीरिया’ (अर्थ–काबीरियाच्या रात्री, १९५७) या चित्रपटाने परभाषी चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक लागोपाठ दुसऱ्या वर्षी इटलीला मिळवून दिले. या चित्रपटात रोमच्या परिसरातील गुहांत राहणाऱ्या निराधारांना रात्री पिशवीतून अन्न वाटत फिरणाऱ्या एका माणसाचा प्रसंग होता. चित्रपटाची गती त्यामुळे मंदावते, असे निर्मात्याचे मत होते. फेल्लीनी प्रसंग वगळण्यास तयार होईना, तेव्हा दे लाउरेंतीस याने त्या भागाची निगेटिव्हच परस्पर काढून घेतली. पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच या कृत्याची कबुली दिली. १९९८ मध्ये पुनःप्रदर्शित झालेल्या प्रतीत हा प्रसंग पूर्ववत समाविष्ट करण्यात आला. काबीरियाच्या मनातील परिवर्तनाचा धागा या प्रसंगामुळे अधिक स्पष्ट होतो, असे तो पाहिल्यावर दिसून येते.

‘ला दोल्चे व्हीता’ (१९६०) या फेल्लीनीच्या पुढील चित्रपटाशीही दे लाउरेंतीस आरंभी संबंधित होता. नायकाच्या भूमिकेसाठी मार्चेल्लो मास्त्रोयान्नीऐवजी पॉल न्यूमनसारखा अमेरिकन नट घ्यावा, असे त्याचे म्हणणे होते. मतभेद न मिटल्याने तो बाजूला झाला व आंजेलो रीत्सोली या प्रकाशकाने चित्रपटाची सूत्रे हाती घेतली. हा चित्रपट कॅन महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला आणि व्यापारी दृष्ट्याही अत्यंत यशस्वी झाला. १९६५-६६ मध्ये दोघे ‘जी. मास्तोर्ना याचा प्रवास’ या आशयाच्या चित्रपटासाठी पुन्हा एकत्र आले. मृत्यूनंतरच्या जगाविषयीच्या या चित्रपटासाठी भव्य नेपथ्य उभारण्यात आले. परंतु ऐनवेळी फेल्लीनीने माघार घेतली. निर्मात्याने न्यायालयात जाऊन त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणली. हा चित्रपट फेल्लीनीच्या हातून कधीही पूर्ण झाला नाही.

इतिहासपट व भव्यपट : फेल्लीनीखेरीज अन्य इटालियन दिग्दर्शकांशी दे लाउरेंतीस याचे सहकार्य अधिक सुरळीत चालले. मारिओ मोनिचेल्ली दिग्दर्शित ‘ला ग्रांदे ग्वेर्रा’ (अर्थ–महायुद्ध, १९५९) या चित्रपटाचे नायक पहिल्या महायुद्धातील दोन भित्रे, कामचुकार सैनिक आहेत. राष्ट्राच्या अभिमानाचा विषय विनोदी पद्धतीने हाताळला जाणार, या कल्पनेनेच वृत्तपत्रांतून गदारोळ उठला होता. प्रत्यक्षात या सैनिकांच्या अखेरच्या बलिदानाने प्रेक्षक हेलावून गेले. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह पारितोषिक रोस्सेल्लीनीच्या चित्रपटाबरोबर विभागून मिळाले. सप्टेंबर १९४३ च्या शस्त्रसंधीनंतर वाऱ्यावर सोडल्या गेलेल्या सैनिकांचे चित्रण करणारा लुईजी कोमेन्चीनीचा ‘तूत्ती आ कासा’ (१९६०) आणि युद्धोत्तर इटलीतील ध्येयवादाच्या पराभवाची कथा सांगणारा दीनो रीझीचा ‘ऊना व्हीता दिफ्फीचिले’ (१९६१) हेही याच परंपरेतील होत. नजीकच्या इतिहासातील कटू अनुभवांकडे हसत-हसत, पण डोळे उघडे ठेवून पाहावयास या चित्रपटांनी इटालियन प्रेक्षकांना शिकविले. दे लाउरेंतीस याच्या कामगिरीचा हा भाग परदेशांत तुलनेने कमी परिचित असला, तरी त्याचे महत्त्व मोठे आहे.

दुसरीकडे भव्यपटांचा क्रमही चालू होता. पार लागरक्विस्ट या नोबेल पारितोषिकविजेत्या स्वीडिश लेखकाच्या कादंबरीवरील ‘बराबस’ (१९६१) या चित्रपटात येशूच्या क्रूसारोहणाचा प्रसंग १५ फेब्रुवारी १९६१ रोजी इटलीतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी प्रत्यक्ष चित्रित करण्यात आला. ‘द बायबल’ (१९६६) हा ‘जुन्या करारा’तील आरंभीच्या कथांवरील चित्रपट अनेक थोर दिग्दर्शकांकडून भागशः करवून घेण्याची त्याची मूळ योजना होती, अखेर जॉन ह्यूस्टन या एकट्यानेच तो दिग्दर्शित केला आणि त्यात नोहाची भूमिकाही केली. सोव्हिएट संघातील ‘मॉसफिल्म’ या संस्थेच्या सहकार्याने काढलेल्या ‘वॉटर्लू’ (१९७०) या चित्रपटासाठी युक्रेनमधील उझहोरोद परिसरात रणभूमी तयार करण्यात आली आणि सोव्हिएट सैन्यातील सु. १५,००० सैनिक गर्दीच्या दृश्यांसाठी उपलब्ध झाले. सेर्ग्येई बंदरचूक याच्या दिग्दर्शनाखालील ही युद्धदृश्ये आजही अजोड मानली जातात. परंतु चित्रपटाला प्रेक्षकांचा प्रतिसाद लाभला नाही. या अपयशामुळे स्टॅन्ली कूब्रिकच्या नेपोलियनवरील नियोजित चित्रपटाला भांडवल पुरविण्यासही कोणी पुढे येईना.

‘दीनोचित्ता’ : भव्यपटांसाठी दुसऱ्याच्या स्टुडिओवर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून दे लाउरेंतीस याने १९६० नंतरच्या काही वर्षांत रोमच्या दक्षिणेस पोंतीना महामार्गावर स्वतःचा विस्तीर्ण स्टुडिओ उभारला. ‘चीनेचित्ता’ या नावाच्या धर्तीवर तो ‘दीनोचित्ता’ म्हणजे ‘दीनोनगरी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ‘द बायबल’, ‘बार्बारेल्ला’ (१९६८), ‘दिआबोलीक’ (१९६८) इ. चित्रपट या काळातील होत. स्टुडिओचा खर्च भागवावयाचा, तर तेथे मोठे चित्रपट सतत तयार होत राहणे आवश्यक होते. नेमक्या याच वेळी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, इटलीत नवा चित्रपटविषयक कायदा संमत झाला. शासकीय साहाय्यासाठी चित्रपटाचे राष्ट्रीयत्व ठरविताना कलावंत व तंत्रज्ञ यांत इटालियनांचे प्रमाण किती असावे, याविषयी त्यात कडक अटी होत्या. देशी कलावंतांना काम मिळावे व चित्रपटांचे राष्ट्रीय स्वरूप टिकावे, हा कायद्याचा हेतू होता. परंतु अमेरिकन नट व इंग्रजी संवाद यांच्या आधारे जागतिक बाजारपेठेसाठी चित्रपट काढणाऱ्या दे लाउरेंतीस याच्या दृष्टीने तो मारक ठरला. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी ‘दीनोचित्ता’ बंद पडली. राष्ट्रीय संस्कृतीचे संरक्षण आणि व्यवसायाची आंतरराष्ट्रीय वाढ यांतील विरोधाचे हे एक बोलके उदाहरण आहे. मात्र अपयशाचा सर्व दोष कायद्यावर टाकणे युक्त नव्हे. ‘वॉटर्लू’ सारख्या चित्रपटांतील तोटा व स्टुडिओचा अवाढव्य खर्च हीदेखील त्यामागील कारणे होती. जुलै २०१४ मध्ये या जागी ‘चीनेचित्ता वर्ल्ड’ हे मनोरंजन उद्यान सुरू करण्यात आले.

अमेरिकेतील कारकीर्द : वयाच्या पन्नाशीनंतर दे लाउरेंतीस याने आपला मुक्काम अमेरिकेस हलविला व १९८६ मध्ये त्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले. तेथे त्याला नव्याने आरंभ करावा लागला आणि तो त्याने विलक्षण वेगाने केला. पोलीस खात्यातील लाचलुचपत उघडकीस आणणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या सत्यकथेवरील ‘सर्पिको’ (१९७३), सूडकथा असलेला ‘डेथ विश’ (१९७४) व गुप्तचरसंस्थेच्या कारवायांवरील ‘थ्री डेज ऑफ द काँडॉर’ (१९७५) हे त्याचे तीनही चित्रपट गाजले. व्हिएटनाम युद्ध व वॉटरगेट प्रकरण यांमुळे अमेरिकेत शासनयंत्रणेविषयी जो अविश्वास निर्माण झाला होता, त्याचे पडसाद त्यांत उमटले आहेत. नवख्या देशातील लोकमानसाची अशी अचूक पारख हे त्याच्या व्यवसायबुद्धीचे गमक होय.

‘किंग काँग’ (१९७६) या चित्रपटाची जाहिरात त्याने अभूतपूर्व प्रमाणावर केली. कार्लो रांबाल्दी या इटालियन तंत्रज्ञाने सु. १२ मी. उंचीचे यांत्रिक वानर तयार केले होते. प्रत्यक्षात ते पडद्यावर अल्पकाळच दिसते व बहुतेक दृश्यांत वानराचा पोशाख चढविलेला माणूस आहे. समीक्षकांनी टीका केली, तरी चित्रपटाने भरपूर उत्पन्न मिळविले आणि विशेष दृक्‌परिणामांसाठी त्याला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. पुढील काळात इंग्मार बर्गमनचा ‘द सर्पंट्स एग’ (१९७७), मिलॉश फोरमनचा ‘रॅगटाइम’ (१९८१), आर्नल्ड श्वार्झनेगरला लोकप्रियता मिळवून देणारा ‘कोनन द बार्बेरियन’ (१९८२), डेव्हिड क्रोननबर्गचा ‘द डेड झोन’ (१९८३) असे विविध प्रकारचे चित्रपट त्याने काढले. जुलै १९८१ मध्ये त्याचा एकुलता मुलगा फेद्रीको अलास्कातील विमान अपघातात मरण पावला. ‘ड्यून’ (१९८४) हा चित्रपट त्याच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.

अर्थव्यवहाराची पद्धत : चित्रपटव्यवसायाला दे लाउरेंतीस याने दिलेली सर्वांत टिकाऊ देणगी म्हणून त्याच्या भांडवल उभारणीच्या पद्धतीचा उल्लेख करावा लागेल. कथा, दिग्दर्शक व प्रमुख नट निश्चित होताच, एका फुटाचेही चित्रीकरण होण्यापूर्वी, तो निरनिराळ्या देशांतील वितरकांना आपापल्या प्रदेशापुरते प्रदर्शनाचे हक्क विकत असे. वितरक ठराविक रक्कम देण्याचा करार करीत आणि हे करार तारण ठेवून बँकांकडून कर्ज काढले जाई. परिणामी निर्मात्याची स्वतःची जोखीम कमी होई व हॉलिवुडमधील मोठ्या कंपन्यांवर सर्वस्वी विसंबण्याची गरज उरत नसे. ही पद्धत एकट्या दे लाउरेंतीस याने शोधून काढली नसली, तरी तिचा व्यापक प्रमाणावर पद्धतशीर उपयोग करणाऱ्या पहिल्या निर्मात्यांत त्याची गणना होते. पुढील पिढीतील बहुसंख्य स्वतंत्र निर्मात्यांनी तिचाच अवलंब केला. या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. न पाहिलेल्या चित्रपटाला गिऱ्हाईक मिळावयाचे, तर त्यात नामांकित नट, परिचित कथा किंवा डोळे दिपविणारी दृश्ये असावी लागतात. नव्या व अपरिचित कल्पनेला तीत सहसा स्थान मिळत नाही.

‘ड्यून’, ‘ब्लू व्हेल्व्हेट’ व दुसरे अपयश : डेव्हिड लिंच या तरुण दिग्दर्शकाबरोबर काढलेले दोन चित्रपट या संदर्भात मननीय आहेत. ‘ड्यून’ साठी सु. ४ कोटी डॉलर खर्च झाले. अंतिम संकलनाचा अधिकार दिग्दर्शकाकडे नव्हता. दीर्घ कथा दोन-सव्वादोन तासांत बसविताना ती दुर्बोध झाली व चित्रपट सपशेल कोसळला. लिंच पुढे या चित्रपटाविषयी असमाधानीच राहिला. त्यानंतरच्या ‘ब्लू व्हेल्व्हेट’ (१९८६) या चित्रपटासाठी दोघांत वेगळा करार झाला : लिंचने अल्प खर्चात व कमी मोबदल्यात चित्रपट करावा आणि त्याबदल्यात अंतिम संकलनाचा पूर्ण अधिकार त्याच्याकडे राहावा. सु. ६० लक्ष डॉलरांत तयार झालेला हा चित्रपट आज त्या दशकातील प्रमुख कलाकृतींपैकी एक मानला जातो. ‘काबीरिया’तील प्रसंग परस्पर काढून घेणाऱ्या निर्मात्याने तीस वर्षांनंतर असा करार करावा आणि तो काटेकोरपणे पाळावा, ही त्याच्या कारकीर्दीतील लक्षणीय घटना होय.

दरम्यान १९८३ मध्ये ‘फायरस्टार्टर’ या चित्रपटाचे चित्रीकरण नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टन परिसरात झाले. तेथील कमी खर्च व अनुकूल परिस्थिती पाहून दे लाउरेंतीस याने १९८४ मध्ये त्या गावी स्टुडिओ उभारला. पाठोपाठ वितरणव्यवस्था ताब्यात घेऊन त्याने ‘दे लाउरेंतीस एंटरटेनमेंट ग्रुप’ ही सार्वजनिक भागभांडवलाची कंपनी स्थापन केली. निर्मिती, स्टुडिओ व वितरण या तिन्ही गोष्टी आपल्या हाती असाव्यात, ही जुनी महत्त्वाकांक्षा त्यामागे होती. परंतु ‘ताई-पान’ (१९८६), ‘किंग काँग लिव्ह्‌ज’ (१९८६) इ. चित्रपट एकामागून एक अपयशी ठरले आणि १९८८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. तिने पूर्ण केलेला ‘बिल अँड टेड्स एक्सलंट ॲडव्हेंचर’ हा विनोदी चित्रपट दुसऱ्या कंपनीने १९८९ मध्ये प्रदर्शित केला व तो यशस्वी झाला. त्याचा लाभ मात्र मूळ कंपनीला मिळाला नाही. ‘दीनोचित्ता’च्या अनुभवाची ही जवळजवळ पुनरावृत्तीच होती. तथापि, विल्मिंग्टनचा स्टुडिओ टिकून राहिला. त्याची मालकी बदलत गेली, परंतु त्याच्या आधाराने त्या गावात कुशल कारागिरांचा वर्ग तयार झाला आणि चित्रपट व दूरचित्रवाणी मालिकांची निर्मिती तेथे दीर्घकाळ चालू राहिली.

अखेरची वर्षे : १६ डिसेंबर १९८९ रोजी सिल्व्हाना मांगानोचे माद्रिद येथे निधन झाले. १९९० मध्ये दे लाउरेंतीस याने मार्था शूमाकर या निर्मातीशी विवाह केला व तिच्या सहकार्याने सत्तरीनंतर तिसऱ्यांदा व्यवसायाची घडी बसविली. टॉमस हॅरिस याच्या कादंबरीवरील ‘मॅनहंटर’ (१९८६) हा त्याचा चित्रपट अपयशी ठरला होता. त्यामुळे पुढील कादंबरीवरील ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ (१९९१) या चित्रपटात त्याने रस घेतला नाही व हॅनिबल लेक्टर या पात्राचे नाव वापरण्याची मुभा दुसऱ्या कंपनीला विनामूल्य दिली. त्या चित्रपटाने पाच प्रमुख ऑस्कर पारितोषिके पटकाविली. ही चूक ध्यानात ठेवून त्याने पुढे ‘हॅनिबल’ (२००१), ‘रेड ड्रॅगन’ (२००२) व ‘हॅनिबल रायझिंग’ (२००७) हे चित्रपट काढले. यांपैकी ‘रेड ड्रॅगन’ ही ‘मॅनहंटर’चीच मूळ कथा होय. मार्च २००१ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने निर्मात्यांसाठी असलेला अर्व्हिंग थॅलबर्ग स्मृतिपुरस्कार देऊन त्याचा गौरव केला. २००३ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह पारितोषिक देण्यात आले. बेव्हर्ली हिल्स (कॅलिफोर्निया) येथे वयाच्या ९१ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

मूल्यमापन : दे लाउरेंतीस याची अभिरुची निश्चित स्वरूपाची नव्हती, असा आक्षेप घेतला जातो. त्याच्या चित्रपटांच्या यादीत श्रेष्ठ कलाकृतींच्या शेजारी अत्यंत सामान्य दर्जाचे चित्रपट आढळतात, हे खरे आहे. दिग्दर्शकाच्या कामात हस्तक्षेप करण्याचा त्याचा स्वभाव होता आणि त्याचे अनेक कलात्मक अंदाज चुकले. जेल्सोमीनाच्या भूमिकेविषयीचा त्याचा आग्रह व ‘काबीरिया’तील वगळलेला प्रसंग ही त्याची ठळक उदाहरणे होत. परंतु ज्या काळात ‘ला स्त्रादा’ सारख्या उदास कथेवर पैसा लावण्यास फारसे कोणी धजत नव्हते, त्या काळात पोंती व दे लाउरेंतीस पुढे आले आणि वाद घालूनही अखेर त्यांनी चित्रपट दिग्दर्शकाच्या मताप्रमाणे होऊ दिला, हेही तितकेच खरे आहे. त्याचे उद्योग दोनदा कोसळले व दोन्ही वेळा स्टुडिओ आणि यंत्रणा यांच्या विस्ताराचा भार हे त्याचे एक प्रमुख कारण होते. याउलट ज्या चित्रपटांमुळे त्याचे नाव टिकून आहे, त्यांतील बरेचसे बेताच्या खर्चात, हट्टी दिग्दर्शकांनी स्वतःच्या आग्रहाप्रमाणे केलेले आहेत. भव्यतेचा ध्यास हा त्याच्या व्यवसायाचा प्राण होता. त्याची चिरस्थायी कीर्ती मात्र लहान चित्रपटांवर आधारलेली आहे.